खर्रा म्हणजे तंबाखू नाई

चंद्रपूरच्या दाताच्या डॉक्टरने माझ्या हिरड्यांमध्ये बारीक सळी खुपसून खोली मोजली आणि तो आकडे मोठ्याने म्हणत गेला. चार, सहा, सात, पाच. जन्मभर शाळेत मी पाढे म्हणवून घेतले, आता हा मला ऐकवत होता. मग त्याने भिंतीवरच्या टीव्हीवर माझं तोंड लावलं. स्वतःचं तोंड एवढं मोठं पाहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

हिरड्या सुटल्यात, खालचं हाड झिजलंय, असं त्याचं म्हणणं. हिरड्या कापून उघडायच्या, आतून साफ करायच्या, हाडाची पूड भरायची आणि टाके घालायचे, वर-खाली, डावी-उजवीकडे सगळीकडे. नाही केलं तर पुढचे दात दोन-तीन वर्षांचे पाहुणे. खर्चाचा कागद त्याने पालथा करून माझ्याकडे सरकवला. पालथा कशाला, ते उलटल्यावर कळलं.

दुखत तर काहीच नव्हतं. खालचे चार दात जिभेने ढकलले की हलायचे, एवढंच. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी एवढे पैसे मोजायचे म्हणजे मला लूटच वाटली.

आणि ते पैसे माझे नव्हते. ते बायकोच्या गुडघ्याचे होते. पोंभुर्ण्याच्या आमच्या घराला तीनच पायऱ्या, पण ती त्या बसून बसून उतरायची. त्या हिवाळ्यात तिचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. परतीच्या बसमध्ये तिने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "पहिले तुमचे दात करू. माह्या गुडघ्याचं काय, तो कुठी पळून चालला?"

मला भरून आलं. भरून आलं की मला खर्रा लागतो. स्टँडवर उतरल्या उतरल्या पानठेल्यावर जाऊन मी एक घोटून घेतला.

इथे एक कबुली द्यायला हवी. दवाखान्याच्या फॉर्मवर प्रश्न होता, तंबाखू खाता का? मी वळणदार अक्षरात 'नाही' लिहिलं होतं, आणि खोटं लिहितोय असं मला तिळमात्र वाटलं नव्हतं. आमच्याकडे तंबाखू खाणारा वेगळा आणि खर्रा खाणारा वेगळा. तंबाखू म्हणजे म्हातारे तळहातावर मळतात ती. खर्ऱ्यात सुपारी असते, चुना असतो, तो प्लास्टिकच्या पन्नीत घोटावा लागतो, त्यात कसब आहे. तंबाखूही असते, पण तिचं नाव कोण घेतो? 'तंबाखूमुक्त शाळा' हा आमच्या शाळेचा फलक मी स्वतः रंगवला, तेव्हाही गालात खर्रा होता.

बायको मात्र अडून बसली. "म्हैस घ्याची तं दोन गोठे पाह्यतो आपण. हे तं तोंड हाय." तिचं माहेर ब्रह्मपुरीजवळचं, म्हणून मूलच्या स्टँडवर बस बदलून आम्ही तिथल्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. बाईंनी टीव्ही वगैरे काही लावला नाही. माझा गाल बोटाने ओढला आणि विचारलं, "भाऊ, दिवसाचे किती?"

"कायचे?"

"खर्रे."

"मी तंबाखू खात नाई."

"तंबाखू कोण विचारून राह्यलं? खर्रा विचारला."

"पाच," बायको मागून म्हणाली. मी समजत होतो, तिला दोनच माहीत आहेत.

गुडघ्याचं सगळं पुराण तिने बाईंना आधीच ऐकवलेलं होतं. बाई म्हणाल्या, "पहिले आतून सफाई करू, दोन-तीन वेळा या लागन. खर्रा आजपासून बंद. दीड महिन्यानं पुन्हा मोजू, जिथी खोल राहीन तिथलंच कापाचं. खर्रा चालू ठेवून ऑपरेशन केलं तं बाईचा गुडघा ठेल्यामागं थुंकून याल तुम्ही."

असं कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. फार राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. खिशातली पन्नी मी त्यांच्याच बादलीत टाकली.

दीड महिना मी घरात नकोसा झालो. खर्ऱ्याऐवजी सोप, म्हणजे बडीशेप, चघळायचो, ठेला टाळायला मागच्या गल्लीने जायचो, टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायचो. पण मोजणीत आकडे उतरले. मागच्या दोन दाढांपाशीच कापावं लागलं. खालचे दात अजून थोडे हलतात, भुट्टा मी खात नाही. पण गुडघ्याचे पैसे बहुतेक वाचले.

हिवाळ्यात आम्ही नागपूरला गेलो. ऑपरेशनआधी नर्सने फॉर्म भरायला घेतला. "तंबाखू?"

"नाई," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. रोज सकाळी मोरीपाशी बसून ही बाई अर्धा तास दातांना नस घासते. नस म्हणजे तंबाखूचीच पूड. लग्न झाल्यापासून मी हे पाहत होतो, आणि ती माझे खर्रे मोजत असताना मी एकदाही काही विचारलं नव्हतं.

"नस घासते ना तू."

"ते तं मंजन हाय."

नर्सचं पेन थांबलं. "लिहा, हो म्हणून," मी म्हणालो.

डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. तंबाखूने जखम लवकर भरत नाही, आधी हे सोडा, मग या, म्हणाले. परतीच्या बसमध्ये बायको माझ्यापासून दोन सीट पुढे जाऊन बसली. घराच्या पायऱ्यांशी आल्यावर तिने माझ्या खांद्यावर भार टाकला, पहिली पायरी चढली आणि दम खात विचारलं, "तुमची सोप कुठी ठेवली?"