कुडीची फिरकी आणि आजोबांचा धूर

तुमच्या आजोबांची सिगरेट सुटली याचं श्रेय डॉक्टरांना नाही, माझ्या डाव्या कानाला आहे.

इरा, लग्नाचे फोटो पाहून तू फोनवर विचारलंस, "आजी, तुझ्या डाव्या कुडीमागे ते काळं काय दिसतंय?" तेव्हा मी "नेटवर्क जातंय गं" म्हणून फोन ठेवला. (नेटवर्क उत्तम होतं.) आता तुझ्यासाठी आणि नातजावई निनादसाठी सगळं नीट लिहून काढते. नाहीतर आजोबा त्यांच्या पद्धतीने सांगतील, आणि त्यात मी अजूनच वाईट दिसते.

सुरुवात तुझ्यापासूनच आहे. लग्न ठरल्यावर तू पुण्याहून फोनवर बजावलंस, "आजोबा, अक्षता टाकायच्या असतील तर सिगरेट सोडून या. वास आला तर मांडवाबाहेर!" सगळ्या डॉक्टरांना आयुष्यभर गुंडाळून ठेवणारा माणूस नातीच्या एका वाक्याने हलला. इथे ऑस्ट्रेलियात, सोन्याच्या खाणींच्या कालगुर्लीत, मंदारमामाने त्यांना डॉक्टरकडे नेलं, आणि औषधाच्या दुकानातून ती इलेक्ट्रॉनिक सिगरेट घरी आली. आधी हिच्यावर यायचं, मग हळूहळू हीही सोडायची, असा बेत.

वस्तू साधी होती. खाली बॅटरी, वर औषधाची वाफ करणारा अॅटोमायझर, आणि दोघांना जोडणारा, करंगळीच्या नखाएवढा पितळी आट्यांचा तुकडा. सोबतची सूचनापुस्तिका मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. त्यातल्या इंग्रजी व्याकरणाच्या चुकाही पेन्सिलीने दुरुस्त केल्या. वाचलेलं लक्षात ठेवायचं तेवढं राहिलं.

त्या लाँग वीकेंडच्या शनिवारी दुपारी मी देवाची भांडी घासायला काढली. ताम्हण, निरांजन, घंटा. टेबलावर ते यंत्र पडलेलं. मधला तुकडा कळकटलेला. पितळ ते पितळ! मी तो फिरवून काढला आणि चिंच-मीठ लावून लख्ख केला. आत पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं, तेही सुईने कोरून काढलं. मग सगळं ओळीने फडक्यावर मांडलं. बाळकृष्णाच्या शेजारी तो तुकडा इतका चकाकत होता की मी त्यालाही हळदकुंकू वाहणार होते!

आजोबा आले. तुकडा हातात घेऊन त्यांनी उजेडात धरला.

"अगं, यातलं पांढरं वॉशर कुठंय?"

"कसलं वॉशर? घाण होती ती. काढली."

"घाण? अगं, तो इन्सुलेटर होता! दोन टोकं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून असतो तो!"

"मग तसं लिहायचं त्याच्यावर. माझ्या घरात मोहरीच्या डब्यावरसुद्धा लेबल असतं."

आजोबा तडक हत्यारांच्या पेटीकडे गेले. (हे वाईट लक्षण.) त्यांनी पकड आणली, तुकडा यंत्रात बसवला आणि सगळा राग त्या पकडीत घालून आवळला. कट्! तुकड्याचे दोन तुकडे.

औषधाचं दुकान आता थेट मंगळवारी उघडणार. सिगरेट विकणारा कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप मात्र उघडाच. आजोबांनी चपला घातल्या.

"जरा पाय मोकळे करून येतो."

"पाय मोकळे करायला पैशाचं पाकीट कशाला लागतं?"

ते दारातच थांबले. चेहरा असा की मला एकदम मांडवाबाहेर उभे असलेले आजोबा दिसायला लागले. तुझं लग्न महिन्यावर आलेलं. मी म्हटलं, "बसा खाली. हा तुकडा आपण घरी बनवू."

"आपण?" आजोबांना एकदम तरतरी आली. "अगं, मी सारी हयात फॅक्टरीचे बॉयलर सांभाळलेत!"

"बॉयलर कुणी तोंडात धरत नाही, तेवढं लक्षात ठेवा."

मग संशोधन सुरू झालं. आधी बॉलपेनची स्प्रिंग, मग पोळ्या गुंडाळायचा फॉइलचा कागद, मग निरांजनाचा दांडा. (तो मी हिसकावून घेतला. देव आधीच माझ्यावर रागावलेला होता.) इन्सुलेटरसाठी रबर हवं म्हणून आजोबांनी कुकरची रिंग कापली. मला न विचारता! त्या कुकरमध्ये संध्याकाळच्या वरणाची डाळ शिट्टीची वाट बघत होती.

"इन्सुलेटर झाला," आजोबा म्हणाले. "आता आट्यांचं काहीतरी हवं. बारीक, गोल, चांगल्या धातूचं."

आणि इथे मला बुद्धी झाली. माझा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. कुडीची फिरकी! बारीक, गोल, आट्यांची, बावीस कॅरेटची.

"अगं, आईने दिलेली कुडी ती!"

"मग? त्यांच्याच मुलाच्या कामी येतेय. त्या असत्या तर दोन्ही कानांच्या दिल्या असत्या."

फिरकी बसली. खरंतर बसली नाही, आजोबांनी बसवली. बटण दाबलं आणि दिवा लागला! आम्ही दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू विजेचा शोध आत्ता आमच्याच ओट्यावर लागलाय. आजोबांनी डोळे मिटून झुरका घेतला.

"कसं आहे?"

"तुरीच्या वरणासारखं," ते म्हणाले. "पण चालतंय. सोनं गं, सोनं! याच्यासारखा वाहक नाही."

वाहक फारच चांगला निघाला. आजोबांनी बटण सोडलं तरी यंत्र काही थांबेना. आधी वाफ, मग धूर, मग जळक्या रबराचा वास, मग सापासारखा फूत्कार. "बंद करा!" मी ओरडले. "बंदच आहे!" ते ओरडले, आणि त्यांनी ते खिडकीतून थेट मागच्या अंगणात भिरकावलं. छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला.

शेजारचा डॅरेल कुंपणावरून उडी मारून आला. हा निवृत्त खाणकामगार, बोलणं कमी आणि फावडं कायम हाताशी. त्याने यंत्रावर भराभर लाल माती ओढली. "नो वरीज, लव्ह," तो मला म्हणाला. त्याच वेळी खाणीतली शिफ्ट संपवून मंदारमामा आला. अंगात केशरी जाकीट, डोक्यात खाणीचे नियम.

"सगळे बाहेर! लेटरबॉक्सपाशी उभे राहा! हेडकाउंट!"

"अरे, दोनच माणसं आहोत आम्ही," मी म्हटलं. "मोजतोयस काय?"

"आई, प्रोसिजर आहे. बाबा?"

"हजर," आजोबा म्हणाले, तोंडातून थोडा धूर सोडत.

यंत्र थंड झाल्यावर मामाने माती उकरली. बॅटरी सापडली, कुकरच्या रिंगेचा जळका तुकडा सापडला. फिरकी नाही. उडतानाच कुठेतरी निसटली असणार. मी रडकुंडीला आले. आजोबांचं दुःख वेगळं होतं. ते पेट्रोल पंपाच्या दिशेने बघत होते, आणि पाकीट अजून खिशातच होतं.

"कॅन्ट लूज गोल्ड इन कॅल, मेट," डॅरेल म्हणाला (कॅल म्हणजे आमचं कालगुर्ली) आणि त्याचं मेटल डिटेक्टर घेऊन आला. हे यंत्र जमिनीत धातू दिसला की किंचाळतं. सुट्टीच्या दिवशी डॅरेल ते घेऊन रानात सोन्याचे कण शोधत हिंडतो. तो अंगणात झाडू मारल्यासारखा फिरू लागला. आजोबा पंप विसरून त्याच्या मागे मागे. बाटलीचं झाकण निघालं. खिळे निघाले. मग माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीपाशी ते यंत्र असं किंचाळलं की स्मोक अलार्म फिका पडावा.

"ब्यूटी! दॅट्स अ बिग वन!"

"तिथे नको!" मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं.

डॅरेलने कुंडीतल्या मातीत हात घातला आणि एक स्टीलची डबी काढली. वर माझ्या वळणदार अक्षरात लेबल: दंतमंजन. (खोटं नव्हतं ते. मिश्री दातांनाच लावतात.)

आजोबांनी झाकण उघडलं. वास घेतला. आयुष्यभर तंबाखू ओढलेलं नाक ते, त्याला काय ओळखायला वेळ लागतो? ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला जो आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

"मंदार, इकडे ये! तुझी आई कढीपत्त्याला मिश्री लावते!"

"आई?" मामा म्हणाला. "व्हॉट द...?"

"व्हॉट इज इट, मेट?" डॅरेलने विचारलं.

"टोबॅको," आजोबा म्हणाले. "हर टोबॅको!"

वीस वर्षांची माझी भाषणं, फुप्फुसांची चित्रं, "अहो, जरा मनावर ताबा ठेवायला शिका", सगळं त्या चमचाभर काळ्या पुडीत बुडालं.

इरा, त्या संध्याकाळी ते पंपावर गेले नाहीत. रविवारी नाही, सोमवारीही नाही. सिगरेटची आठवणच झाली नाही त्यांना, तोंड सतत कामात होतं! सकाळी चहा दिला की, "दात घासून झाले?" कढीपत्ता तोडायला गेले की, "एकटी जाऊ नकोस, मोह होईल." डॅरेलही कुंपणावरून, "मॉर्निंग, लव्ह! हाऊज द टीथ?" मंगळवारी औषधाचं दुकान उघडलं तेव्हा आजोबा म्हणाले, "राहू दे. गरज नाही." मीही डबी कचऱ्यात टाकली. तुझी अट मलाही लागू झाली ना!

फिरकी सापडली नाहीच. सगळं गाव जमिनीतून सोनं उपसतंय, आणि जमिनीला सोनं परत देणारी मी एकटी. तुझ्या लग्नात डावी कुडी ज्याने अडकवली होती तो काळा ठिपका म्हणजे कुकरच्या रिंगेचा उरलेला तुकडा.

अक्षता आम्ही दोघांनी टाकल्या, आणि आजोबांच्या श्वासाला फक्त बडीशेपेचा वास होता. सिगरेट सुटली, आता टोमण्यांचं व्यसन लागलंय. त्याला अॅटोमायझर लागत नाही, मधला तुकडा लागत नाही, चार्जर लागत नाही. मी समोर दिसले की आपोआप चालू होतं!