जेरुबेतचा डूख

लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. कुणाचा निवत असेल तो निवो. जेरुबेतचा सहा वर्षांत निवला नव्हता. उलट रोज पहाटे चहाचं आधण ठेवावं तसा ती तो नव्याने तापवत होती, आणि तिचं काही चुकत होतं असं मला तरी वाटत नाही.

इतेनच्या टेकडीवर धावणारी माणसं म्हणजे पैशाला पासरी. इथे गाय पिळायला उठावं तसे लोक धावायला उठतात. त्यात जेरुबेत तेविसाव्या वर्षी अशी धावायची, की बिवोट सरांच्या धावण्याच्या कॅम्पातल्या पोरी तिच्या टाचा बघूनच वाट ओळखायच्या. कोबिलो तिची जिवाची मैत्रीण. एका खाटेवर दोघी झोपायच्या, एकाच पेल्यातून चहा प्यायच्या. त्या वर्षी परदेशातल्या मॅरेथॉनला सर एकच मुलगी पाठवणार होते आणि ती जेरुबेत असणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तेवढ्यात तिची पाळी दोनदा चुकली. मूल यातोरचं होतं, तो मोटारसायकलवर लोकांची ने-आण करायचा आणि लग्नाला केव्हाचा तयार होता, तेव्हा लाजायचं काही कारण नव्हतं. दोन महिन्यांचं पोट घेऊन धावता येतं, तिची आई तर नऊ महिने डोक्यावर पाणी आणि पाठीवर लाकडं घेऊन घाट चढली होती. सरांना नीट, स्वतःच्या तोंडाने सांगायचं असं तिने ठरवलं होतं. त्याआधी ओढ्यावर कपडे धुताना तिने ते एकाच माणसाला सांगितलं. कोबिलोला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी चौदा जणींसमोर सर म्हणाले, "हा कॅम्प आहे, सूतिकागृह नाही. सामान उचल." कोबिलो पेल्यात बघत बसली होती. परदेशात तीच गेली. पुढल्या वर्षी तर जिंकून आली आणि अख्खी टेकडी तिला दूध पाजायला वेशीवर जमली. केसाने गळा कापला की रक्त दिसत नाही, एवढंच.

कोबिलोने निळ्या पत्र्याचं दुमजली घर बांधलं. जेरुबेतने तीन मुलं वाढवली. मोठी केमेई साडेपाच वर्षांची, मधला रुगुत चार वर्षांचा, आणि धाकटी लागत अजून अंगावर पिणारी. दर नाताळाला निळ्या घरातून एक पिशवी यायची. कोबिलोने परदेशात एकदोनदा घातलेले सदरे, पोरांना होतील म्हणून. ते जेरुबेतने पोरांच्या अंगाला कधी लावले नाहीत. गाईची कास पुसायला मात्र त्यांच्यासारखं कापड नाही, असं ती सासूला आवर्जून सांगायची.

धावणं तिने सोडलं नव्हतं. कसं धावायची ते ऐका. घराला लागून शाळेचं मैदान, तिथे फेऱ्या मारायच्या, कारण त्यापलीकडे गेलं तर लागतचं रडणं ऐकू येत नाही. केमेई दारात बसायची. बाळ उठलं की तिने लाल स्वेटर कुंपणावर टाकायचा. स्वेटर दिसला की जेरुबेत धावतच घरात, बाळ छातीशी, एक हात उगालीच्या, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीच्या पातेल्यात. बाळ झोपलं की पुन्हा मैदान. एका सकाळी तो स्वेटर सात वेळा पडला. सासू गोठ्यातून म्हणायची, "केमेईची आई, दाव्याच्या गाईसारखी गोल फिरतेस, पोचतेस कुठे गं?" जेरुबेत पुढच्या फेरीला लागायची. प्रत्येक फेरीला एक तोंड तिच्या डोळ्यांसमोर असायचं, पेल्यात बघणारं.

आणि एक दिवस ते तोंडच दारात आलं. मार्चमध्ये टेकडीची मॅरेथॉन होती. जिंकेल तिला बिवोट सर परदेशी पाठवणार होते. कोबिलोच्या पुढे धावून वेग धरून देणारी मुलगी पाय मुरगळून बसली होती.

"तीस किलोमीटरपर्यंत तू पुढे धाव," कोबिलो म्हणाली. "तुझी चाल अजून घड्याळासारखी आहे म्हणतात. पैसे देईन, पोरांच्याही चार गोष्टी होतील."

जेरुबेत मका सोलत होती. तिने हातातलं कणीस पूर्ण सोलून होईपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाली, "बरं."

रात्री यातोरने विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना, तिच्यासाठी धावणार तू? "तिच्यासाठी कोण धावतंय?" जेरुबेत म्हणाली. यातोरला कळायला फार बोलावं लागत नाही. तो म्हणाला, "मग पोरांचं सकाळचं मी बघतो." आणि त्याने खरंच बघितलं, रुगुतचे बूट रोज उलटे घातले ते सोडा. दोन महिने जेरुबेत मैदान सोडून खऱ्या रस्त्यावर धावली. दुधाने छाती भरून दुखायची तेव्हा दात-ओठ खाऊन धावली.

कुणाला संशय आला नाही, कारण तो येण्यासारखाच नव्हता. आमच्याकडे पुढे धावणारी ठरल्या जागी बाजूला होते, हा शब्द असतो, आणि शब्दावर दूध असतं. आदल्या संध्याकाळी धावणारीची आई एकाच तुंब्यातलं आंबवलेलं दूध दोघींना पाजते. ते प्यालं की एकमेकींचं वाईट चिंतायचं नाही. प्यालं आणि चिंतलं तर गोठा ओस पडतो. कोबिलोच्या आईने तुंबा पुढे केला. जेरुबेतने तो तोंडाला लावला, ओठ घट्ट मिटले, घसा नुसता हलवला आणि ओठ पुसून तुंबा परत दिला. म्हातारीला मोतीबिंदू, तिला काय दिसणार. कोबिलोनेही ओठ ओले करून तोंड फिरवलं. बाटलीतला रस पिणारीला आता घरचं दूध कशाला गोड लागेल, असं जेरुबेतच्या मनात आलं.

शर्यत सकाळी सातला सुटली. जेरुबेत पुढे, तिच्या सावलीत कोबिलो. दर पाच किलोमीटरला साडेअठरा मिनिटं, ठरल्याप्रमाणे. विसाव्या किलोमीटरनंतर जेरुबेतने वेग वाढवला, मिठाची चिमूट चिमूट टाकावी तसा, कळेल न कळेल असा. बाकीच्या पोरी मागे पडत गेल्या. तिसाव्या किलोमीटरला मक्याची गिरणी आहे. सर गाडीतून ओरडले, "जेरुबेत, बास. बाजूला हो."

"नाव नोंदवलंय मी," ती न थांबता म्हणाली. "छातीवर नंबर आहे, बघा."

सर तोंडाला येईल ते बोलले, शेवटच्या रेषेवर बघतो म्हणाले आणि गाडी पुढे दामटून निघून गेले. मागून कोबिलोचा धापांनी तुटलेला आवाज आला, "हे काय लावलंयस तू?"

हे वाक्य यायची जेरुबेत सहा वर्षं वाट बघत होती. उत्तर पाठ होतं. मागे न बघता ती म्हणाली, "ओढ्यावर कपडे धूत होतो आपण. आठवतं?"

उत्तराऐवजी ओकारीचा आवाज आला. जेरुबेतने वळून बघितलं. कोबिलो गिरणीच्या भिंतीपाशी वाकली होती, एक हात गुडघ्यावर, दुसरा बेंबीच्या खाली. तीन बाळंतपणं झालेल्या बाईला तो हात ओळखायला डॉक्टर लागत नाही. कालचं दूध तिने का टाळलं, तेही तिथेच कळलं.

जेरुबेतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दया-बिया काही नाही, खोटं कशाला सांगू. ती चिडली. सहा वर्षं धार लावलेली सुरी, आणि ऐन वेळी कापायला मिळालं काय, तर भोपळा. हिने हेही हिरावून घेतलं.

"कितवा महिना?" ती खेकसली.

"तिसरा." कोबिलोने तिचं मनगट धरलं. "सरांना सांगू नकोस गं. पाया पडते."

जेरुबेतने मनगट सोडवलं. मग तिला दंडाला धरून गिरणीच्या बाकावर आदळावं तशी बसवली, गिरणीवाल्या बाईला पाणी आणायला सांगितलं आणि म्हणाली, "इथून उठलीस तर तंगडं मोडीन." तोवर मागच्या दोन पोरी पुढे निघून गेल्या होत्या. उरलेल्या बारा किलोमीटरांत तिने त्या दोघींना गाठलं. त्या पोरींचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता, पण त्या वाटेत होत्या. शेवटच्या रेषेवर ती पहिली आली तेव्हा यातोरच्या कडेवर लागत भोकाड पसरून रडत होती आणि जेरुबेतने पदकाच्या आधी तिला अंगावर घेतलं.

बिवोट सर आले. शिव्या द्यायला आले होते, पण जिंकलेल्या बाईला शिव्या देऊन आपलंच नुकसान, एवढी अक्कल त्यांना होती. "परदेशी तूच जाशील आता," ते म्हणाले. मग आवाज उतरवून विचारलं, "कोबिलोला काय झालं? तू होतीस तिथे. ओकत होती म्हणतात. काही भानगड आहे का?"

कॅम्पातल्या पोरी भोवती उभ्या होत्या. चौदापेक्षा जास्तच असतील. एका शब्दाचं काम होतं, तो जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, आणि तो किती गोड लागेल हे जेरुबेतला आत्ताच कळत होतं. ती बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"ऊन लागलं," ती म्हणाली. "आणि मी जास्त पळवलं तिला. पोरीत दम आहे, कॅम्पात तिची जागा ठेवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोबिलो अंगणात आली. जेरुबेत दुपटी वाळत घालत होती. कोबिलोला रडू आवरत नव्हतं. तू सांगितलं नाहीस, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, तुझं मन मोठं, तू मला माफ केलंस.

"माफ कुणी केलं?" जेरुबेत म्हणाली. दुपटं झटकून तिने दोरीवर टाकलं. "सरांना तू सांगायचं, तुझ्या तोंडाने, उद्याच. मला तेवढंसुद्धा मिळालं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. आणि काल एक गरोदर बाई हरली, त्यात मी काय मोठं केलं? मला तू धडधाकट हवी आहेस. बाळंत हो. पाज त्याला. रात्रीतून पाचदा ऊठ. एका हाताने उगाली घोट, दुसऱ्याने ढुंगण धू. आणि मग ये रस्त्यावर. तेव्हा हरवीन तुला, सगळ्या टेकडीसमोर, आणि तेव्हा तुझ्याकडे कसलीही सबब नसेल."

कोबिलोने डोळे पुसले. तिने त्या दुपट्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "त्याला वर्षं जातील गं. तोवर थांबशील तू?"

"सहा तर थांबलेच आहे," जेरुबेत म्हणाली.