पहार आणि दोन विटा

नवऱ्याच्या कंपनीने त्याला साउथहॅम्प्टनला पाठवलं तेव्हा मी नागपूरच्या शाळेतली नोकरी सोडली. अकरा वर्षं सातवीला विज्ञान शिकवलं होतं. तिकडे तो सोमवारी पहाटे लंडनच्या क्लायंटकडे जायचा, तो शुक्रवारी संध्याकाळी उगवायचा. मधल्या दिवसांत सुपरमार्केटच्या काउंटरवर "थँक यू" म्हटलं, की तो माझा त्या दिवसाचा पहिला शब्द असायचा. आवाज घोगरा निघायचा आणि मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

आमच्या घराला लागूनच्या घरात एक म्हातारे गृहस्थ राहायचे. बंदरावर क्रेन चालवून रिटायर झालेले. त्या हिवाळ्यात त्यांची बायको गेली होती. आमची ओळख हवामानापुरतीच. "कोल्ड टुडे, लव्ह." "येस, व्हेरी कोल्ड." झालं.

मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर काहीतरी धाडकन पडलं. मग भिंतीवर ठोके ऐकू आले. तीन ठोके, थोडं थांबून पुन्हा तीन.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि त्यांच्या मागच्या दाराकडे पळाले. दार नुसतं लोटलेलं होतं. वर बेडरूममध्ये जुनं सागवानी कपाट आडवं पडलं होतं, आणि त्याखाली ते. पलंगाच्या कडेवर अडकल्यामुळे कपाट पुरतं बसलं नव्हतं, पण त्याची खालची बाजू त्यांच्या छातीवर होती. सगळीकडे बायकांचे ड्रेस पसरले होते. बायकोचे कपडे काढून झाल्यावर ते कपाट सरकवायला गेले होते.

"श्वास घेता येत नाहीये," ते म्हणाले.

मी दोन्ही हात घालून उचलायला गेले. कपाट तसूभरही हललं नाही. पुन्हा जोर लावला आणि रडायलाच आलं. मग एकदम, वर्गात फळ्यासमोर उभी असल्यासारखं, मला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं: भार टेकूच्या जवळ, हात टेकूपासून लांब.

"शेडमध्ये ते... ते आहे?" मी विचारलं. पहारीला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. "लोखंडी दांडा. लांब."

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

शेडमधली पहार आणि कुंड्यांखालच्या दोन विटा घेऊन मी वर आले. कपाटाशेजारी एक वीट ठेवली, तिच्यावरून पहारीचं टोक कपाटाखाली सारलं आणि दुसऱ्या टोकावर भार टाकला. कपाट हललंच नाही.

"वीट पुढे घे, पोरी," ते कसेबसे म्हणाले. "अजून पुढे. कपाटाला चिकटव."

चिकटवली. या खेपेला सगळं अंग पहारीवर टाकलं. कपाट करकरलं आणि चार बोटं वर आलं. पायाने दुसरी वीट त्याखाली सरकवली. ते कोपरांवर रेटत, कण्हत बाहेर आले. मग आम्ही दोघं त्या ड्रेसांच्या पसाऱ्यात ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बसून राहिलो. त्यांनी माझा हात सोडला नाही.

नवऱ्याला फोन केला. "ग्रेट, तू ठीक आहेस ना? मी मीटिंगमध्ये आहे," तो म्हणाला. राग असा आला नाही. पण फोन ठेवल्यावर त्या खोलीतल्या त्यांच्या हाताची फार आठवण झाली.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. तीन आठवड्यांनी त्यांनी मला चहाला बोलावलं.

"हे कुठे शिकलीस?"

"शिकले नाही, शिकवायचे. मी टीचर होते."

"होतीस? काय शिकवायचीस?"

वर्षभरात हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी बोलत सुटले. तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू, चाक. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांनी ही साधी यंत्रं वेगळी काढून त्यांचा हिशेब कसा मांडला. देवळांचे दगड चढवायला कप्प्या लावून क्रेन कशा उभ्या केल्या. त्यातल्या एकाने तर लांब दांडा मिळाला तर पृथ्वी हलवीन, अशी पैज मारली होती म्हणे. माझ्या वर्गातली एक मुलगी उठून म्हणाली होती, "पण मॅडम, तो उभा कुठे राहणार?"

ते हसले आणि बरगड्या धरून कळवळले. "चाळीस वर्षं कप्प्यांवर पोट भरलं मी," ते म्हणाले. "कुणाचे उपकार ते आज कळलं."

त्यानंतर दर मंगळवारी आम्ही चहा घ्यायचो. दहा मंगळवार झाले. जूनमध्ये त्यांची मुलगी त्यांना मँचेस्टरला घेऊन गेली आणि घरासमोर विक्रीची पाटी लागली.

सप्टेंबरात मी जवळच्या प्रायमरी शाळेत जाऊन, फुकट काम करीन, म्हणून विचारलं. त्यांनी बुधवारची दुपार दिली. बाकीचे दिवस तसेच राहिले.