परतीच्या वाटेवरची पाकळी

जिचे आसन कमळ आणि जिचा देह अक्षर, त्या वाग्देवीला वंदन करून आज वसंतपंचमीच्या सकाळी एका कमळाची हकीकत लिहितो.

अमळनेरला शाळेत संस्कृत शिकवीत असताना मला पद्मबंध रचण्याचा छंद जडला. पद्मबंध म्हणजे आठ पाकळ्यांच्या कमळाच्या आकारात मांडलेला श्लोक. मधोमध एकच अक्षर असते. ते लिहायचे एकदा, वाचायचे आठदा. तिथून पाकळीच्या टोकापर्यंत जायचे आणि काही पाकळ्यांत त्याच अक्षरांवरून मागे यायचे.

माझे बंध तपासायची माझी पत्नी. तिला संस्कृत येत नसे. ती अंगणात रांगोळीने कमळ काढी, त्यात माझी अक्षरे भरी आणि भोवती फिरत एकेक अक्षर मोठ्याने वाची. वाचता वाचता थांबली की म्हणे, "अहो, आठे जीभ अडकस." इथे जीभ अडकते, एवढेच. व्याकरण ती सांगत नसे. पण पाहावे तर दोष नेमका तिथेच सापडे.

ती गेली. वर्षश्राद्धासाठी मी लक्ष्मीस्तुतीचा पद्मबंध रचला. मध्यभागी 'मा' ठेवला. मा म्हणजे लक्ष्मी, आणि मा म्हणजे 'नको'सुद्धा. श्लोक पुरा झाला, पण तो निर्दोष आहे की नाही हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. स्वतःचे लिहिणे स्वतः वाचताना जीभ अडखळत नाही. तिला पुढचे ठाऊक असते. पत्नीच्या नावाने वाटायच्या कागदावर चूक राहू नये, या एका चिंतेने मला कित्येक दिवस अन्न गोड लागले नाही.

तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, जळगावात संगणकावर छपाईची जुळणी करणारी केंद्रे निघाली होती. त्यांतल्या एका केंद्रात चोपड्याकडच्या एक बाई काम करीत. माझा कागद त्यांनी उभा धरला, आडवा धरला.

"आबा, हे लगीनपत्रिकेचं फूल शे का?"

"श्लोक आहे, ताई."

"मग सरळ दोन ओळी लिहिल्या असत्या, तर एव्हाना तुमची एस.टी. भडगाव गाठती!"

"भडगाव त्या वाटेवर नाही, मला अमळनेरला जायचे आहे."

"तेच म्हनते. गोल फिरनाऱ्याचं असंच होतं!"

पत्नी गेल्यानंतर मी इतका मोकळा हसलो नव्हतो.

त्यांनी 'मा' आठही पाकळ्यांत टंकला होता. माझ्याकडून लिहायचा राहून गेला, असे त्यांना वाटले. मी सांगताच त्यांनी ते आठही पुसले आणि मधला एकच ठेवला. पडद्यावर कमळ उमटले, तेव्हा पाकळ्या वाचण्यासाठी मी सवयीने खुर्चीवरून उठलो आणि संगणकाच्या मागे जाऊ लागलो.

"बसा, आबा. तिकडं नुसत्या वायरी शेत. मी फिरवते."

त्यांनी माऊस हलवला. कमळ स्वतःभोवती फिरू लागले, आणि त्या एकेक अक्षर लावून वाचू लागल्या. पाचव्या पाकळीवरून परतताना त्या थांबल्या.

"आबा, आठे जीभ अडकस."

मी चष्मा पुसून पाहिले. तिथले जोडाक्षर जड होतेच. शिवाय पाकळीच्या टोकाकडे जाताना जुळणारा शब्द परतीच्या वाटेवर तुटत होता. तिथेच बसून मी अक्षर बदलले. त्यांनी पुन्हा वाचले. या खेपेला त्या कुठेही थांबल्या नाहीत.

श्राद्धाच्या दिवशी आप्तांनी कागद कपाळाला लावला. "छपाई सुरेख आहे," असे धुळ्याहून आलेल्या मेहुण्यांनी दोनदा म्हटले. मग कागदांच्या घड्या झाल्या आणि ते खिशांत गेले. कागद फिरवून कोणी पाहिला नाही.

सारे गेल्यावर मी एक प्रत अंगणात, तिच्या रांगोळीच्या जागी ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून चार खडे ठेवले, आणि भोवती फिरत मोठ्याने वाचली. पाचव्या पाकळीत आता अडखळण्यासारखे काही नव्हते. तरी मी तिथे थांबलो, आणि बराच वेळ उभा राहिलो.

वाचकहो, तुमचा शब्द मोठ्याने वाचणारे आणि अडले तर निःसंकोच सांगणारे माणूस तुमच्या घरी चिरायू असो. बाहेर गेलेली तुमची माणसे सुखरूप परतोत. लक्ष्मी तुमच्या उंबऱ्यात स्थिर राहो.