माझ्या दाढेची कीर्ती

माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे दात ओळखणारी माझ्या मावसबहिणीसारखी दुसरी बाई अख्ख्या भोपाळमध्ये नसेल. ती दातांची डॉक्टर नव्हे. इथल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि दातांवर राहणाऱ्या जंतूंचा अभ्यास करायची. लग्न असो, मुंज असो, तिच्या पर्समध्ये निर्जंतुक काड्या आणि झाकणाच्या छोट्या बाटल्या असायच्याच. कोलार रोडवरच्या एका साखरपुड्यात तिने नवऱ्या मुलाच्या काकांना कोपऱ्यात नेऊन 'आ' करायला लावलं. काकांना ती मुलीकडची रीत वाटली. त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं.

मी बरखेड्याच्या कारखान्यात नकाशे काढत नोकरी संपवलेला माणूस. माझ्यात नोंद घेण्यासारखं काही आहे असं ना साहेबांना कधी वाटलं, ना बायकोला. त्यामुळे माझ्या उजव्या दाढेवरचे जंतू 'फार गुणी' निघाल्याचं तिने सांगितलं, तेव्हा मी पंधरा दिवस छाती काढून हिंडलो. गुणी म्हणजे काय, तेही तिने समजावलं. हे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. भोवताल आंबट होत जातो. आंबटपणा एका पातळीला पोहोचला की तो प्रत्येकाला जाणवतो आणि सगळे एकदम वागणं बदलतात, एकमेकांना धरून दाट थर करतात. पुढारी नाही, बैठक नाही. आमच्या इंद्रपुरीच्या सोसायटीला पाण्याची टाकी धुवायचं ठरवायला दोन वर्षं लागली होती, आणि सचिव मीच होतो. मला माझ्या जंतूंबद्दल आदर वाटू लागला.

ती मला 'दादा' म्हणते, म्हणून तिच्या विद्यार्थ्यांनी त्या जंतूंच्या बाटलीलाही 'दादा' हेच नाव दिलं. हिंदीत दादा म्हणजे आजोबा, तेव्हा कीर्तीबरोबर माझं वयही वाढलं. मी प्रयोगशाळेत गेलो की एखादी मुलगी हसून सांगायची, "सर, आज दादा बहुत जल्दी खट्टे हो गए," आणि मी लाजून थँक्यू म्हणायचो.

ही कीर्ती मला भोवली. तीच दाढ ठणकायला लागली आणि मी ती काढायला तयार होईना. ही दाढ आता माझी एकट्याची राहिलेली नाही, विज्ञानाची आहे, असं मी बायकोला सुनावलं आणि तीन आठवडे लवंग दाबून काढले. बहिणीला कळू द्यायचं नाही अशी ताकीदही दिली. शेवटी गाल सुजून डोळ्याला टेकला, ताप चढला, तेव्हा बायकोने माझी ताकीद बाजूला ठेवून तिला फोन केला. ती आली, टॉर्च लावून तिने तोंडात पाहिलं. तिने काडी काढली नाही, असं पहिल्यांदाच घडलं.

"तुझे जंतू माझ्याकडे बाटलीत आहेत, दादा," ती म्हणाली. "तुला नाही मी ठेवू शकत बाटलीत."

तिनेच रिक्षा थांबवली. दवाखान्यात दाढ निघाली. पू हाडापर्यंत गेला होता, म्हणे. माझा हात तिने सोडला नाही, आणि आधार हवा होता तो तिलाच. मी तर सुईच्या कृपेने निवांत होतो.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. तिचं काम पुढे चालवणारं कोणी मिळालं नाही. ठेवलेले जंतू अशा वेळी नष्ट करावे लागतात. शेवटच्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं आणि 'दादा'ची एक बाटली दाखवली. आतलं जांभळं द्रावण आंबट होऊन पिवळं झालं होतं, आणि जंतूंनी काचेला चिकटून पांढुरका थर धरला होता. तिने ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग सगळ्या बाटल्यांबरोबर वाफेच्या यंत्रात ठेवली आणि झाकण लावलं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. 

"इतक्या वर्षांत माझ्याजवळ टिकलात ते तुम्हीच," ती म्हणाली.

मला ती कधीच 'तुम्ही' म्हणत नाही. त्या 'तुम्ही'त मी किती आणि जंतू किती, हे मी विचारलं नाही. आत यंत्र थंड होईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.