काचेमागचा विणकर

पंढरीनाथांना रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास विणकर बनवलं जाई. ते काम पलककडे होतं. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका साड्यांच्या शोरूममधली ती सगळ्यात चटपटीत सेल्सगर्ल. ती त्यांच्या अंगात पांढरीशुभ्र बंडी चढवी, डोक्याला लाल फेटा बांधी आणि दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघे.

"दादाजी, चश्मा उतारो ना. चश्मे में आप क्लर्क लगते हो."

"अगं, मग धागा दिसत नाही मला."

"धागा कौन देख रहा है? सब आपको देखते हैं."

खरंच होतं ते. दुकानाच्या दर्शनी भागात मोठी काच, काचेमागे हातमाग, आणि हातमागावर अडुसष्ट वर्षांचे पंढरीनाथ. डोक्यावर पाटी: 'आमचे विणकर. महेश्वरी परंपरेची चौथी पिढी.' रस्त्यावरची माणसं थांबत, लहान मुलं काचेला नाक लावत. पंढरीनाथ पायानं पावडी दाबत, धोटा या हातातून त्या हाताकडे सटकन पळे आणि बघणाऱ्यांच्या तोंडून 'वाह' निघे. तो 'वाह' काचेतून ऐकू येत नसे, पण ओठांवरून कळे. तेवढ्यानं म्हाताऱ्याची छाती दोन बोटं फुगे.

आत कपाटांत रचलेल्या साड्यांशी मात्र त्या मागाचा काही संबंध नव्हता. त्या टेम्पोतून यायच्या, पॉवरलूमच्या. मागावर एकच निळी साडी होती, गेले अकरा महिने. आठवडाभर पंढरीनाथ हातभर विणत आणि सोमवारी, दुकान बंद असताना, येऊन ते सगळं उसवून ठेवत. रेशीम महाग पडतं, असं मालक संजीवजींचं म्हणणं. "काका, आपल्याला साडी थोडीच पाहिजे? माहौल पाहिजे."

पंढरीनाथांची पहिली पिढीसुद्धा महेश्वरची नव्हती. त्यांचे वडील खानदेशातून इंदूरला मिलमध्ये लागले आणि पुढे हेही अठराव्या वर्षी त्याच मिलच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, शिरले. चार चार यंत्रमाग एकटे सांभाळत. कापडात एक तार चुकली तरी त्यांच्या बोटाला कळे. जोडीदार बाबूराव सगळ्यांना सांगत सुटे, "पंढरीनं पास म्हटलं ना, की डोळे मिटून घ्या." मग मिलला टाळं लागलं. गेटवर घोषणा झाल्या, उपोषणं झाली, पुढाऱ्यांनी येऊन आश्वासनं दिली. साळखातं काही पुन्हा सुरू झालं नाही. पंढरीनाथांनी सिमरोलकडच्या एका हॉस्टेलवर बरीच वर्षं चौकीदारी केली आणि गुडघे बोलायला लागल्यावर छत्रीबागेतल्या घरी बसले. तिथून संजीवजींनी त्यांना उचललं. शिकवायला महेश्वरहून एक खरा विणकर आठ दिवस आणला होता. जाताना तो म्हणाला होता, "हाथ अच्छा है चाचा आपका. पर रोज उधेड़ोगे तो हाथ भी रूठ जाएगा."

पंढरीनाथ त्यावर हसले होते. घरी मात्र त्यांनी सांगितलं, की दुकानात मालाची देखरेख करतो.

त्या शनिवारी दुकानात गर्दी होती. काउंटरपाशी एक ठेंगणीशी म्हातारी सुनेबरोबर साड्या पाहत होती. तिनं सहज वळून मागाकडे बघितलं आणि हातातली साडी खाली ठेवली.

"अगो बाई! पंढरी भावजी?"

बाबूरावांची अंबिका. बाबूराव जाऊन नऊ वर्षं झाली होती. पंढरीनाथांचा पाय पावडीवरच थांबला.

"वहिनी, तुम्ही इकडे कशा?"

"आमच्या निधीचं लग्न आहे ना माघात. म्हटलं, जन्मभर मिलचं सेकंडचं कापड नेसलो, नातीला तरी एक हातमागाची द्यावी." मग सुनेकडे वळून ती म्हणाली, "विनीता, बघितलंस का? या वयात हातमाग शिकले! तुझे सासरे असते तर पेढे वाटले असते." पाटीवरची चौथी पिढी तिनं वाचली होती की नाही, कोण जाणे. वाचली असली तरी दुकानदारीचा मसाला म्हणून सोडून दिली असणार. "आता सांगा, यातली तुमच्या हातची कोणती?"

संजीवजी तयारच होते. त्यांनी जांभळी साडी पुढे सरकवली. "ये वाली, माँजी. काकांनी दीड महिना घेतलाय हिच्यासाठी."

अंबिकेनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती साडी उचलून सरळ मागापाशी आली आणि पंढरीनाथांच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही पास करा भावजी. मग घेते."

आजूबाजूच्या चारपाच बायका कौतुकानं थांबल्या. पलकनं मोबाइल वर धरला. पंढरीनाथांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, पण बोटांना कधी चष्मा लागला नव्हता. त्यांनी काठ उलटला. हातमागाच्या महेश्वरी काठाला उलट-सुलट नसतं, दोन्ही अंगांनी सारखाच. इथे मागच्या अंगाला कापलेले धागे बोटांना टोचत होते. एवढंच सांगायचं होतं. वहिनी, ही नको. तीन शब्द.

संजीवजी हसत होते. मोबाइलचा डोळा रोखलेला होता. बायका वाट बघत होत्या.

"पास, वहिनी," पंढरीनाथ म्हणाले.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि एक क्षण, अगदी एकच, पंढरीनाथांना त्या टाळ्या गोड लागल्या.

रविवारी ते मागावर बसले तेव्हा हात चालेना. धोटा दोनदा खाली पडला. बाहेरच्यांना वाटलं, म्हातारबा दमले. त्यांना मात्र सारखी अंबिका दिसत होती, ती पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरतानाची. खोटं बोललो याहून त्या टाळ्या आवडल्या, हे जास्त जळत होतं.

सोमवारी ते उसवायला गेले नाहीत. सिटी बसनं परदेशीपुऱ्यात अंबिकेच्या दारात जाऊन उभे राहिले.

"या, या! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला," अंबिका म्हणाली. "आत्ताच समोरच्या रुपालीला साडी दाखवून आले. चार घरं फिरली तुमची साडी. फॉल-बीडिंग झालं, ब्लाउजपीस कापून शिंप्याकडे दिला. बसा, चहा टाकते."

ब्लाउजपीस कापला, म्हणजे साडी परत करायची वाटही बंद. पंढरीनाथ खुर्चीच्या कडेवर टेकले.

"चहा राहू द्या. साडी जरा आणता का?"

तिनं आणली. त्यांनी चष्मा लावला आणि काठ उलटून तिच्यापुढे धरला. "इथे हात लावा."

"खरखरीत लागतंय. डिफेक्ट आहे का?"

"डिफेक्ट नाही. मशीनची आहे. पॉवरलूम."

"मग तुमची कोणती?"

"माझी कोणतीच नाही वहिनी. मी आजवर एकही साडी पुरी केलेली नाही. तिथे नुसता दाखवायला बसतो."

अंबिकेनं साडीची घडी घातली. ती वाकडी पडली. मोडून पुन्हा घातली.

"परवा का नाही बोललात?"

"लोक होते."

"मीपण त्या लोकांतच होते ना भावजी?"

पंढरीनाथांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"हे असते ना, तर..." तिनं बाबूरावांच्या फोटोकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. मग आवाज चढवून म्हणाली, "आता मी पोरीला काय सांगू? तुम्ही तुमचं मन हलकं केलंत आणि गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून मोकळे. मग बोललात तरी कशाला? नसतं कळलं तर सुखानं नेसली असती."

"निधीला मी सांगतो."

"सांगा. आज घरूनच काम करतेय ती." अंबिकेनं आत हाक मारली. "निधी, बाहेर ये गं."

निधी कानातले इअरफोन काढत आली आणि त्यांना बघताच तिचा चेहरा फुलला. "अरे, आजोबा! दुकानवाल्यांनी टाकलेला तुमचा व्हिडिओ भारी आहे, मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला ना. एक मिनट, पाया पडते."

पंढरीनाथांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "थांब बाळ. आधी ऐक."

त्यांनी सांगितलं. या वेळी तर तिसऱ्या वाक्यालाच सगळं संपलं. निधी वाकली होती ती हळूहळू सरळ झाली.

"मतलब, फ्रॉड?"

"निधी!" अंबिका म्हणाली.

"बोलू द्या. बरोबर शब्द आहे."

"पण मला आवडली होती," निधी म्हणाली. रागापेक्षा हिरमुसलेपण जास्त होतं त्यात.

"चांगली आहे साडी. रंग पक्का आहे, टिकेल. फक्त मी सांगितलं तशी नाही."

तिनं साडी उचलली, मग काय करावं न सुचून पुन्हा होती तिथेच ठेवली आणि आत गेली. चहाचं भांडं गॅसवर चढलंच नव्हतं. पंढरीनाथ उठले. अंबिका दारापर्यंत आली, पण 'या पुन्हा' म्हणाली नाही.

"उद्या जाणार दुकानात?" तिनं विचारलं.

ते चप्पल शोधत राहिले. एका घरी खरं सांगायला ते अर्धं शहर ओलांडून आले होते. उद्याचा विचार केलाच नव्हता.

"उद्या दुसऱ्या कोणाची तरी आजी येईल, भावजी."

गल्लीत उतरून त्यांनी तिथूनच संजीवजींना फोन लावला.

"संजीवजी, उद्यापासून मी काचेमागे बसणार नाही."

"अरे काका, क्या हो गया? कोणी काही बोललं का? बोलायचं नसेल तर तुम्ही बोलू नका. नुसतं बसा. बसण्यात काय खोटं आहे?"

"बसण्यातच आहे!" पंढरीनाथ ओरडले. "मी मिलचा माणूस आहे. मी महेश्वरचा नाही. त्या साड्या माझ्या नाहीत!"

शब्द खणखणीत पडले. दोन्ही बाजूंच्या दारांतून माणसं डोकावली, एक सायकलवाला थांबला. फोन खिशात टाकताना पंढरीनाथांची मान आपसूक मागे वळायला लागली, अंबिका दारात आहे का, तिनं ऐकलं का, ते बघायला. आणि मध्येच त्यांना कळलं, की आपण एवढ्या मोठ्यानं बोललो ते तिनं ऐकावं म्हणूनच. इथेही टाळ्याच हव्या होत्या.

अर्धवट वळलेली मान त्यांनी तशीच पुढे आणली. कान तापले होते. ती दारात होती की नव्हती, हे त्यांनी बघितलं नाही. सायकलवाल्याच्या बाजूनं खाली बघत ते गल्लीबाहेर निघाले.