चौथी ओळ

कनेक्टिकट नदीकाठच्या आमच्या गावातली निम्मी माणसं मेहिटेबलकाकूंच्या हातावर जन्मलेली. हात मऊ, जीभ मात्र तिखट. लग्नाआधी कोणी बाळंत होऊ लागली, की ऐन कळांत सुईणीने तिला बापाचं नाव तीनदा विचारायचं, ही आमची रीत. त्या वेळी बाई खोटं बोलत नाही, असं कोर्टही मानतं.

गावच्या चर्चच्या पाळकसाहेबांची मोलकरीण केझाया बाळंत झाली, तेव्हा काकूंनीच विचारलं, आणि तिचा हात मी धरला होता. तिने तिन्ही वेळा पाळकसाहेबांचंच नाव घेतलं. ते म्हणाले, म्हातारीचे कान गेलेत. वर हुकूम सोडला, की केझायाने रविवारी प्रार्थनासभेत उभं राहून आपलं पाप कबूल करावं आणि गाव सोडावं. चोर तो चोर, वर शिरजोर.

स्तोत्राची पुस्तकं आमच्यात थोडी. चर्चचे कारभारी, म्हणजे डीकन, एकेक ओळ वाचतात, आम्ही ती मागून गातो, डोकं न चालवता. आमच्या डीकनांना दिसायचंही बेताचंच. काकूंनी ठळक अक्षरांतला एक कागद त्यांच्या पुस्तकात, त्या रविवारच्या स्तोत्रावर खळीने चिकटवला. डीकन वाचत गेले, आम्ही गात गेलो:

देवा, तुझ्या दारी सारेच पापी,
लहान कोणी, थोर कोणी;
लेकराची आई खाली उभी,
लेकराचा बाप वर चढोनी.

वर व्यासपीठावर पाळकसाहेब एकटेच होते. चौथी ओळ मी घसा फोडून गायले, आणि मग सगळ्यांबरोबर मान वर करून व्यासपीठाकडे पाहिलं.

पाळकसाहेबांनी पुरावा मागितला, तेव्हा काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "हेपझी होती तिथे. तिला विचारा."

पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. आमचं शेत त्यांच्याच जमिनीवर, आणि मला चौथा महिना. मी म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही."

केझाया बाळाला घेऊन बर्फातून निघून गेली. कुठे गेली, कोणाला ठाऊक नाही. काकूंना मंडळीतून काढलं, त्यांना कोणी दारात उभं करेना.

माझं बाळ आडवं आलं, तेव्हा मात्र नवरा मागच्या दाराने त्यांनाच घेऊन आला. काकू आहेत म्हटल्यावर शेजारणी आल्या नाहीत. कळा ऐन जोरात असताना काकू माझ्यावर वाकल्या.

"हेपझी, केझायाने कुणाचं नाव घेतलं होतं?"

त्यांनी तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा खरं सांगितलं.

खोलीत आम्ही दोघीच होतो.